काहीच खाल्लं नाही, नुसतं दूध

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख माननीय लोवेल स्ट्रँडसाहेब, मंचावर बसलेले डॉक्टर पॅजेट आणि पास्टर लिंडाल, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत त्या आदरणीय वर्ना टोलेफसनबाई, त्यांच्या घरची मंडळी, समोर बसलेले डॉक्टर, परिचारिका, प्रयोगशाळेतले, धुलाईतले आणि स्वयंपाकघरातले माझे जुने सोबती, आणि गावातल्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

तिसऱ्या रांगेत मार्गिटवहिनी ब्रेक्के बसल्या आहेत. त्यांना मी वेगळा नमस्कार करतो. का, ते थोड्या वेळात कळेल.

मागे ऐकू येतंय ना? येत नसेल तर हात वर करा, मी पुन्हा सुरुवात करीन. डोरीन, त्या कॉफीच्या टेबलावर दुधाचा जग उन्हात आहे, तो तेवढा आत नेऊन ठेव. हो, दहाच मिनिटं झालीत, मला ठाऊक आहे. तरी ने.

तर, मी एमिल क्लोस्टर. या इमारतीच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात मी एकोणीस वर्षं काम केलं. त्याआधी एकतीस वर्षं गोठ्यात. शाळा आठवीपर्यंत झाली, ती वडिलांच्या पायावर ट्रॅक्टर गेला म्हणून सुटली. सभेत बोलायची सवय नाही. घरी स्वयंपाकघरात उभं राहून घड्याळ लावून चार वेळा वाचून पाहिलं, चारही वेळा वेगवेगळा वेळ लागला. तेव्हा अध्यक्षमहाराज, लांबलं तर टेबलावर बोट वाजवा.

आता मी मुळात इथे उभा का आहे? तीन आठवड्यांपूर्वी बाईंचा फोन आला.

"एमिल, निरोपाला चार जण माझी स्तुती करणार आहेत. तुम्ही बोलाल?"

मी म्हटलं, "चार आहेत तर पाचवी कशाला? लोकांना केक खायचा असतो."

"स्तुती नको. दुधाचं सांगा."

"कुठल्या दुधाचं?"

"एमिल."

मी फोन या कानाचा त्या कानाला लावला.

"सगळ्यांसमोर?" मी विचारलं.

"सगळ्यांसमोर नको असेल तर त्याआधी मार्गिटबाईंच्या घरी जाऊन सांगा. नऊ वर्षं मी वाट पाहिली. आता मी मुलीकडे ॲरिझोनाला चालले. मी गेल्यावर तुम्हाला याबद्दल विचारणारं इथे कुणी उरणार नाही."

तेव्हा मी वहिनींच्या घरी गेलो. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा त्यांनी कॉफी दिली, मी पावसापाण्याचं बोललो आणि परत आलो. दुसऱ्यांदा त्यांनी मागच्या अंगणात लावलेला रुबार्ब दाखवला, त्याची आंबट देठं टोपलीभर दिलीही, आणि मी टोपली घेऊन परत आलो. मग मी फोन केला. म्हटलं, वहिनी, शनिवारी सभेत मी तुमच्या हार्लनबद्दल बोलणार आहे. त्या म्हणाल्या, "हार्लनबद्दल कुणी बोलणार असेल तर मी येईनच की, भावोजी." आणि आल्या आहेत. निळा कोट घालून आल्या आहेत.

पण आधी बाईंचं सांगतो, नाहीतर ज्यांचा समारंभ त्यांनाच विसरलो असं व्हायचं.

टोलेफसनबाई इथे चौतीस वर्षं होत्या. रुग्णालयात आलेल्या माणसाला इथून नवा आजार लागू नये, हे त्यांचं काम. ऐकायला सोपं वाटतं, नाही? प्रत्यक्षात हे सगळ्यांच्या शिव्या खायचं काम आहे. डॉक्टर पॅजेट नवीन आले तेव्हाची गोष्ट. ऐन घाईत ते खोलीत शिरत होते आणि दारात बाई उभ्या. म्हणाल्या, "साहेब, हात." साहेब म्हणाले, "आत्ताच धुतले." बाई म्हणाल्या, "मग दरवाजा कशाने उघडलात?" साहेब परत गेले. हसताय तुम्ही, डॉक्टर, पण त्या दिवशी हसला नव्हतात. तुम्ही खाली येऊन माझ्याकडे कॉफी मागितलीत आणि म्हणालात, "ही बाई माझ्या आईपेक्षा वाईट आहे." मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आईला पगार नव्हता."

असो.

दुधाचं.

बारा वर्षांपूर्वी महिला मंडळाने रुग्णालयाला थंडगार मिल्कशेक करायचं मशीन भेट दिलं. ज्या रुग्णांना घास जात नाही त्यांच्या पोटात काहीतरी जावं, हा हेतू. चांगला हेतू होता, मंडळातल्या कुणी आज मनाला लावून घेऊ नये. मशीन माझ्या ताब्यात आलं. विकणारा माणूस पुस्तिका देऊन गेला. त्यात लिहिलं होतं की रोज मशीन उघडावं, आतले सात भाग काढावेत, हाताने घासावेत, वाळवावेत. मी पुस्तिका खणात ठेवली.

का ठेवली? मला वाचता येत नव्हतं म्हणून नाही. मला सगळं येतं असं मला वाटत होतं म्हणून.

इथे बसलेल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी गोठ्यात काम केलंय. तुम्हाला सांगायला नको. दूध काढून झालं की स्टीलची नळी आपण कशी धुतो? आधी कोमट पाणी, मग साबणाचं कढत पाणी, मग आम्लाचं पाणी, आणि दुसऱ्या दिवशी धारा काढायच्या आधी जंतू मारायचं औषध. नळी कुणी उघडतं का? शंभर फुटांची नळी कोण उघडणार? पाणी जोरात फिरतं, तेच घासतं. एकतीस वर्षं मी तसंच केलं. दूध संघाने आमच्या गोठ्याला अकरा वर्षं ओळीने स्वच्छ दुधाची पाटी दिली, त्या पाट्या अजून माझ्या भिंतीवर आहेत. मग हे एवढंसं मशीन मला काय शिकवणार? मी ते नळीसारखंच धुतलं. कोमट, कढत, आम्ल, औषध. एक दिवस चुकवला नाही. बाहेरून इतकं चकचकीत की आमच्या स्वयंपाकघरातली डोरीन त्यात बघून केस नीट करायची.

फक्त त्या मशीनमध्ये पाणी जोरात फिरत नव्हतं. आत एक रबराची कडी होती, तिच्या मागे ते पोहोचतच नव्हतं. हे मला तीन वर्षं कळलं नाही.

तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक आजी होत्या. दम्यासाठी आल्या होत्या, बऱ्या होत आल्या होत्या, आणि आठव्या दिवशी सडकून ताप. मग शाळेतले एक मास्तर, मूत्रपिंडाच्या आजाराचे. त्यांनाही तसाच ताप. दोघांच्या रक्तात एकच जंतू निघाला. लिस्टेरिया. मला ते नाव एखाद्या मुलीचं वाटलं होतं. तो खाण्यातून जातो, आणि धडधाकट माणसाला सहसा फार काही करत नाही. ज्यांची ताकद आजाराने किंवा औषधांनी आधीच कमी झाली आहे त्यांना गाठतो. म्हणजे रुग्णालयात कुणाला गाठणार? जवळजवळ सगळ्यांनाच.

मंगळवारी सकाळी बाई जेवणाच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन खाली आल्या. मी गाजरं चिरत होतो.

"एमिल, या दोघांनी तुमच्याकडचं काय काय खाल्लं?"

"चिठ्ठीवर आहे की."

"चिठ्ठीवर एकीचं सूप आहे, एकाचा भात आणि कोंबडी. दोघांमध्ये समान असं काही सापडत नाही. चिठ्ठीबाहेरचं काही दिलंत?"

"नाही बाई."

"आजींनी काय खाल्लं?"

"त्या कुठे काय खात होत्या? काहीच नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

बाईंनी ते लिहून घेतलं आणि त्या गेल्या.

मित्रहो, मी खोटं बोललो नाही. तेच मला आजवर पचलेलं नाही. शपथेवर विचारलं असतं तरी मी तेच सांगितलं असतं. त्या आजींना मी रोज दोन पेले शेक देत होतो, मास्तरांना एक, त्यांना स्ट्रॉबेरीचा आवडायचा. चिठ्ठी करत नसे, कारण चिठ्ठी केली की आहाराच्या बाई साखर मोजायला बसायच्या आणि शेक तोवर वितळायचा. पण मी लपवलं म्हणाल तर तसंही नाही. दूध माझ्या मोजणीतच नव्हतं. आपल्या भागात आजारी माणसाबद्दल काय म्हणतात? "काल काही खाल्लं नाही हो त्याने, नुसतं दूध घेतलं." म्हणतो की नाही? पाण्याला कुणी जेवण म्हणत नाही, तसं आपण दुधाला म्हणत नाही. दुधावर आपली घरं उभी राहिली, पोरं शिकली, आणि विचारलं तर आपण म्हणतो, काहीच नाही.

हे मंगळवारी झालं.

गुरुवारी हार्लन ब्रेक्के आला. माझ्या शेताला लागून त्याचं शेत, चाळीस वर्षांचा शेजार. गोठ्याच्या पायरीवर घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. सांधेदुखीवर जबर औषधं चालू होती, त्यांनी अंगातली ताकद कमी झालेली. शस्त्रक्रिया झाली, उत्तम झाली. पण खाईना. मी ताट घेऊन वर गेलो.

"हे सूप कुणी केलं?" त्याने विचारलं.

"मी."

"तरीच. भांडं धुतलेलं पाणी टाकून द्यायचं असतं, एमिल, रुग्णाला द्यायचं नसतं."

"तोंड चालतंय म्हणजे बरा होतोयस."

"तोंडाला काय झालंय? मोडलंय ते खाली."

वहिनी खुर्चीत विणत बसल्या होत्या. म्हणाल्या, "भावोजी, दुसरं काहीतरी बघा ना. दोन दिवस उपाशी आहेत हे." मी खाली गेलो आणि व्हॅनिलाचा शेक करून आणला. त्याने चाखला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "हां. याच्यात गाय आहे." पेला रिकामा केला. मला इतका आनंद झाला की मी जिन्यात शीळ घातली.

सहा दिवस. रोज दोन पेले. रविवारी तीन.

पुढच्या शुक्रवारी त्याला ताप आला. दुपारी मी पेला घेऊन गेलो, तर दारात टोलेफसनबाई.

"हे काय?"

"काही नाही. हार्लनचा शेक."

त्यांनी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे आणखी कुणाला देता?"

"ज्यांना घास जात नाही त्यांना."

"दम्याच्या आजींना?"

"देत होतो. त्या दुसरं काही खात नव्हत्या ना."

"आणि मास्तरांना?"

"त्यांना स्ट्रॉबेरीचा."

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या हातातून पेला घेतला, एक थेंब सांडू न देता, त्यावर झाकण ठेवलं आणि म्हणाल्या, "चला. मशीन दाखवा."

खाली गेल्यावर मी म्हटलं, "बाई, दूध तपासा. मशीन स्वच्छ आहे, मी रोज धुतो." त्या म्हणाल्या, "दूधही तपासू. आधी हे उघडा." मी म्हटलं, "हे उघडत नाहीत." त्यांनी खण ओढला, पुस्तिका काढली आणि माझ्यासमोर उघडून धरली. सात भागांचं चित्र होतं. मी एकेक काढत गेलो. सातवी ती कडी. अंगठ्याने उचकटली.

मागे पिवळट राखाडी थर होता. बोटभर जाड, लोण्यासारखा मऊ. मी नाक लावलं. तुम्हाला सांगतो, जन्मभर माझं नाक कधी चुकलं नाही. दूध नासलं तर ते स्वतः सांगतं, आंबतं, फाटतं, अख्ख्या घराला कळतं. या थराला वासच नव्हता. काहीच नाही. मी बोट जिभेकडे नेलं, सवयीने, आणि बाईंनी माझं मनगट धरलं.

"पण हे थंड आहे, बाई," मी म्हटलं. "बर्फासारखं थंड. थंडीत काही वाढत नाही."

"हा वाढतो, एमिल," त्या म्हणाल्या. "हा थंडीतच निवांत वाढतो."

आपण विस्कॉन्सिनची माणसं. थंडीवर आपला देवाइतका विश्वास. थंड म्हणजे चांगलं, चकचकीत म्हणजे स्वच्छ, वास नाही म्हणजे ताजं. माझ्याजवळ एवढीच तीन वाक्यं होती आणि तिन्ही पाच मिनिटांत गेली. नऊ वर्षं झाली, अजून मी फ्रीज उघडला की क्षणभर तसाच उभा राहतो. बायको म्हणायची, "आत शिरतोयस की काय?"

दुधाच्या पिशव्या तपासल्या. दूध निर्मळ होतं. जंतू त्या कडीमागेच होता आणि तोच तिघांच्या रक्तात होता. आजी वाचल्या. मास्तर वाचले, ते आज आले आहेत, पाचव्या रांगेत आहेत. हार्लन बुधवारी गेला.

रुग्णालयाने वहिनींना पत्र पाठवलं. काही लपवलं नाही, अध्यक्षमहाराज, मी ते पत्र पाहिलंय. त्यात लिहिलं होतं, स्वयंपाकघरातल्या एका यंत्रातून संसर्ग झाला. यंत्रातून. ते कुणाच्या हातात होतं, हे पत्रात कशाला असेल? आणि वहिनींनी कधी विचारलं नाही. अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात त्यांनी माझे दोन्ही हात धरले आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "शेवटी शेवटी यांच्या पोटात जे काही गेलं ते तुमच्या हातचं, भावोजी. मी विसरणार नाही." लोकांनी माना डोलावल्या. माझ्या हातात हॅमचा सँडविच होता. तो मी कोटाच्या खिशात घातला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. तेव्हापासून दर नाताळाला त्या लेफ्सा, बटाट्याच्या पातळ पोळ्या, करून पाठवतात, कापडात गुंडाळून, ऊन ऊन. दर वर्षी मी आभाराचं कार्ड लिहिलं. त्यात दुसरं काही लिहिलं नाही.

आता बाईंनी काय केलं ते सांगतो, कारण आजचा मान त्यांचा. त्यांनी अहवाल लिहिला. त्यात माझं धुणं लिहिलं, माझं मंगळवारचं उत्तर लिहिलं, आणि त्याखाली स्वतःचं लिहिलं. मला वाचून दाखवलं. "मी काय खाल्लं असं विचारलं. तोंडातून काय काय गेलं असं विचारायला हवं होतं. चूक प्रश्नातही होती." मी म्हटलं, "बाई, हे कशाला? तुमचा काय दोष?" त्या म्हणाल्या, "दोषाचं नाही लिहीत मी. पुढच्या वेळचं लिहिते."

तेव्हापासून या रुग्णालयात प्रश्न बदलला. पाणी, बर्फ, गोळी गिळायला दिलेला चमचाभर मुरांबा, घरून आलेली चॉकलेटं, सगळं विचारलं जातं. मला त्यांनी काढलं नाही. मशीन गेलं, पण स्वयंपाकघरात उघडता येण्यासारखं जे जे होतं ते उघडून, पांढऱ्या टॉवेलवर ओळीने मांडून, प्रत्येक नव्या माणसाला शिकवायचं काम माझ्याकडे दिलं. निवृत्त होईपर्यंत चार वर्षं मी ते केलं. सुरुवातीला मला वाटायचं ही शिक्षा आहे. एकदा विचारलंही. म्हणाल्या, "शिक्षा द्यायला मला वेळ नाही, एमिल. तुमच्याइतकं घाबरून धुणारा दुसरा माणूस मला मिळणार नाही, म्हणून." चौतीस वर्षांत त्यांनी किती माणसं वाचवली ते कुणालाच सांगता येणार नाही, कारण ज्यांना काही झालंच नाही ती माणसं इथे आभार मानायला कशी येणार? ती घरी असतील. शनिवार आहे, गवत कापत असतील.

अध्यक्षमहाराज, बोट वाजवू नका, आता एकच राहिलंय.

वहिनी, ते मशीन माझ्या हातात होतं. तीन वर्षं मी ते उघडलं नाही. ही एक गोष्ट. दुसरी गोष्ट पत्रात नव्हती. बाईंनी मला मंगळवारी विचारलं आणि हार्लन गुरुवारी आला. मंगळवारी मी एक शब्द बोललो असतो, दूध, एवढाच, तर त्या दिवशी जेवणाच्या आत मशीन बंद झालं असतं. हार्लनला माझ्या हातचा पहिला पेलाच मिळाला नसता. तो सूपला नावं ठेवत, उपाशी, चिडून, पण चालत घरी गेला असता. तुम्ही माझे हात धरून आभार मानलेत ते या हातांचे. हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी रुबार्ब घेऊन परत आलो.

वहिनी उठल्या आहेत. कुणी त्यांना अडवू नका. वहिनी, दार डावीकडे आहे, बाहेर पायरी आहे, जपून.

काय म्हणालात? मागच्यांना ऐकू गेलं नसेल. वहिनी विचारतायत, मंगळवार होता हे मला नक्की आठवतं का.

हो वहिनी. नक्की. गाजरं मंगळवारीच असायची.

मंडळी, एवढंच सांगायचं होतं. मला बोलायला बोलावलं म्हणून बाईंचे आभार, आणि नुसतं गोड बोलून सुटू दिलं नाही म्हणून जास्त आभार. अध्यक्षांनी वेळ दिला, डोरीनने आणि मुलींनी केक केला, तुम्ही इतका वेळ शांत बसलात, सर्वांचा मी ऋणी आहे. शाळा कमी झालेला माणूस आहे. बोलताना कुणाचं नाव राहिलं असेल, मान द्यायचा राहून गेला असेल, शब्द वाकडा गेला असेल, तर तेवढं सर्वांनी माफ करावं. बाकीचं माफ करा असं मी इथून म्हणत नाही. ते माइकवर मागायचं नसतं, आणि देणाऱ्याला लोकांदेखत भरीस घालायचं नसतं.

माझं भाषण संपलं. पण मार्गिटवहिनी गेल्या नाहीत, अजून उभ्या आहेत. त्या उभ्या असेपर्यंत मी बसणार नाही.